मुठीवरचे नाव

(जुन्या वस्तू, जुने हात : मयूर विहार, दिल्ली)

आरमारी अधिकाऱ्याची तलवार म्हटली की संचलनात दिसणारी, सर्वांच्या हाती एकसारखी असलेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या मुठीची तलवार आज आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ब्रिटिश नौदलाने १८०५ साली तिचा नमुना ठरवून देईपर्यंत प्रत्येक अधिकारी आपल्या ऐपतीप्रमाणे व अभिरुचीप्रमाणे स्वतःची तलवार करवून घेत असे, आणि ज्याची ऐपत बरी तो चांदीची मूठ पसंत करी. चांदी खाऱ्या हवेत काळवंडते, पण लोखंडासारखी गंजत नाही, हा तिचा व्यावहारिक गुण. आणि ती मिरविता येते, हा त्याहून मोठा. पाते पुष्कळदा जर्मनीतील झोलिंगेनसारख्या पोलादी कसबाच्या गावाहून येई. मूठ मात्र रौप्यकाराची. परज (हाताचे रक्षण करणारा मुठीचा भाग) ओतून घ्यावी, तिच्यावर नक्षी उठवावी, पकडीच्या लाकडावर पीळ दिलेली चांदीची तार घट्ट गुंडाळावी, आणि हे सारे करताना पात्याचा तोल ढळू देऊ नये, असे ते दुहेरी जबाबदारीचे काम होते. अठराव्या शतकातील लंडनमध्ये विल्यम किनमनसारखे रौप्यकार मुख्यतः मुठींच्याच कामासाठी प्रसिद्धीस आले.

या किनमनचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, याचे श्रेय कोणा चरित्रकाराचे नाही. इंग्लंडात चांदीचा कस तपासून तिच्यावर शिक्के उमटविण्याची पद्धत मध्ययुगापासून चालत आली आहे : हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही देणारा सिंह, नगराचे चिन्ह, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. ही व्यवस्था कारागिराच्या गौरवासाठी निघाली नव्हती. लबाडी पकडण्यासाठी आणि पुढे सरकारी कर वसूल करण्यासाठी ती राबविली गेली. तथापि त्या रुक्ष बंदोबस्ताचा परिणाम असा झाला की, तलवार कमरेला लावणाऱ्याचे नाव कालौघात लोपले तरी मूठ घडविणाऱ्याचे नाव, गाव आणि साल पुष्कळदा शिल्लक राहिले.

आपल्याकडे याच्या उलट घडले, आणि त्याची खंत मला मनापासून वाटते. एप्रिल १७८३ मध्ये पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी कंपनी सरकारचे ‘रेंजर’ हे जहाज तुंबळ लढाईनंतर पाडाव करून विजयदुर्गास आणले. त्या प्रसंगाची तारीख, जहाजावरील कर्नल मॅक्लाउड व हंबरस्टन यांची नावे, हंबरस्टनला झालेली प्राणघातक जखम, मराठे-इंग्रज युद्ध संपविणाऱ्या सालबाईच्या तहाची वार्ता धुळपांस पोहोचली नव्हती ही सबब, हे सर्व इतिहासात नमूद आहे. मात्र त्या आरमारातील सरदारांच्या तलवारींना ज्यांनी मुठी चढविल्या त्या सोनार-शिकलगारांपैकी एकाचेही नाव त्या वृत्तान्तात येत नाही.

नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली, ही गोष्ट अभिनंदनीयच आहे. मात्र तीच उणीव या तलवारीतही दिसते. तिचे पाते युरोपीय, मूठ सोन्याच्या कोफ्तगरीने (पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेल्या नक्षीने) मढविलेली मुल्हेरी, आणि देवनागरीतील सुवर्णाक्षरे धन्याच्या नावाची व ‘सेनासाहेबसुभा’ या पदाची. बागलाणातील मुल्हेर हे गाव मुठींसाठी ख्यातकीर्त होते. त्या गावाचे नाव मुठीला चिकटले, माणसाचे चिकटले नाही. आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. कारागीर कळला की वस्तूचा काळ निश्चित होतो आणि बनावट माल ओळखता येतो. तो न कळल्यास सारा व्यवहार तर्कावर चालतो. एकोणिसाव्या शतकात भूजचे उमरसी मावजी आपल्या चांदीकामावर स्वतःची आद्याक्षरे व गावाचे नाव ठोकीत असत. त्या चार-सहा अक्षरांमुळे त्यांचे काम आज जगभर ओळखले जाते. हात तितकेच कसबी असलेले आमचे कितीएक कारागीर मात्र निनावी राहिले.

उपाय अगदीच नाही असे नव्हे. शिलेखान्यासाठी आणि दागदागिन्यांसाठी झालेला खर्च दरबारी कारकून टिपून ठेवीत असत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेली गाठोडी) आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यांतून १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या ४५ खंडांतील निवड प्रामुख्याने राजकारणाची होती, आणि त्या काळी ती तशी असणे योग्यही होते. आता मोडी जाणणाऱ्या तरुणांनी जमाखर्चाचे रुमाल सोनार, शिकलगार आणि कोफ्तगर यांच्या नावांसाठी सोडावेत, आणि शासनाने अशा कामास वेतन द्यावे. लिलावात मोजलेल्या रकमेच्या अल्प अंशातही ते होण्यासारखे आहे.

मयूर विहारात व एकंदर दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे वडिलोपार्जित तलवार, कट्यार किंवा चांदीचे पात्र असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. सणावारी ते पूड लावून घासू नका, कारण प्रत्येक घासणीबरोबर शिक्क्याची कड झिजते. परजेच्या आतल्या बाजूस आणि म्यानाच्या तोंडाशी भिंगाने पाहा, जे अक्षर वा चिन्ह दिसेल त्याचे छायाचित्र घ्या, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्या वस्तूविषयी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून ठेवा.