तक्त्यात नकलांची जागा

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची विकीवरील तुलना बहुधा एका तक्त्यात मांडलेली असते: नाव, वर्ष, प्रोसेसर, वेग, स्मृती, रंग. ही मांडणी वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु कोणते रकाने घ्यायचे आणि कोणत्या यंत्राला स्वतंत्र ओळ द्यायची, हा निर्णय जितका तांत्रिक तितकाच इतिहासलेखनाचाही असतो.

वेगाचाच रकाना पाहू. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा (१९८३) प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झवर चालतो, तर सेगाच्या मास्टर सिस्टिमचा ३.५८वर. आकड्यांवरून दुसरे यंत्र दुप्पट वेगवान ठरते. प्रत्यक्षात पहिल्यात ६५०२ जातीचा प्रोसेसर आहे आणि दुसऱ्यात झेड-८०. एक सूचना पार पाडायला झेड-८०ला सहसा अधिक ठोके लागतात. 'बिट'चीही तीच गत. १९८७च्या पीसी इंजिनचा प्रोसेसर ८ बिटांचा, चित्रे रेखाटणारी चिप मात्र १६ बिटांची. आकडे शेजारी मांडले म्हणून तुलनीय होत नाहीत.

याहून गंभीर प्रश्न ओळींचा आहे. नव्वदच्या दशकात कर्वेनगरासारख्या वस्त्यांतून 'टीव्ही गेम' म्हणून जे घरोघरी आले, ते बव्हंशी फॅमिकॉमच्या नकला होते. खोक्यावर नाव निराळे, कार्ट्रिजवर शेकडो-हजारो खेळांचा दावा आणि आत त्याच मोजक्या खेळांची पुनरावृत्ती. तुलनेच्या तक्त्यांत अशी यंत्रे फार तर तळटीपेत सापडतात. 'नक्कलच ती, मूळ यंत्राचे आकडे तिलाही लागू' असा त्यामागचा समज असावा.

तो चुकीचा आहे. जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला ६० चित्रे गृहीत धरते, आपली पाल पद्धत ५०. साठावर बेतलेला खेळ पन्नासावर चालवला की हालचाल आणि संगीत दोन्ही एक षष्ठांशाने मंदावतात. नेसडेव्ह विकीवरील कालमापनाच्या तक्त्यात म्हणूनच जपानी-अमेरिकी व युरोपीय यंत्रांच्या बरोबरीने रशियात १९९२पासून विकल्या गेलेल्या 'डेंडी' या नकलेला स्वतंत्र रकाना आहे. युरोपीय यंत्राचा वेग १.६६ मेगाहर्ट्झ, डेंडीचा १.७७, चित्रे दोन्हींत ५०च. नकलेचे वर्तन वेगळे, म्हणून तिची नोंदही वेगळी.

आक्षेप असा येईल, की आपल्याकडच्या नकलांची तांत्रिक कागदपत्रे नाहीत, आणि 'आमच्याकडे असेच होते' ही आठवण काही पुरावा नव्हे. आक्षेप रास्त आहे; पण त्याचे उत्तर वगळणे नव्हे, मोजणे हे आहे. यंत्र उघडून पाटीचे छायाचित्र घेता येते, चिपवरचा क्रमांक टिपता येतो, ऑसिलोस्कोपवर ठोके मोजता येतात. हे शिक्षण देणारे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय कर्वेनगरातच १९९१पासून आहे. संदर्भांचा आग्रह धरणाऱ्या मराठी विकिपीडियावर अशी स्वतःची मोजमापे थेट चालणार नाहीत. त्यांची पहिली जागा विषयाला वाहिलेल्या विकीवर.

काळ्या लेपाखाली दडलेली चिप ओळखता येत नसेल, तर त्या घरात 'अज्ञात' लिहावे. उसन्या आकड्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक. कारण माळ्यावरची ही यंत्रे भंगारात गेली, की मोजण्यासारखे काही उरणार नाही, आणि महाराष्ट्रातील मुले जपानी फॅमिकॉमवरच खेळत होती, असे तक्त्यांवरून खुशाल सिद्ध होईल.