पऱ्हाटीचं मोल

वऱ्हाडात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, थोड्या चुलीसाठी ठेवायच्या आणि उरलेल्या पेटवून द्यायच्या. दर उन्हाळ्यात असं इंधन वाया जातं, याची आम्हाला खंत वाटते.

पिकांच्या अशा अवशेषांपासून इथेनॉल करता येतं. पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प ऑगस्ट २०२२मध्ये देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. पेंढ्यातला सेल्युलोज लिग्निनच्या घट्ट वेढ्यात असतो. तो वेढा आधी सैल करायचा, विकरांनी सेल्युलोजची साखर करायची, मग ती आंबवायची. उसाच्या रसापेक्षा हे काम कितीतरी अवघड आणि खर्चिक. तरी आमचा कौल याच वाटेला आहे. डिसेंबर २०२३मध्ये साखरेची चिंता वाढताच केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले. पेंढ्यावर अशी वेळ येत नाही.

तेलबियांपासूनच्या बायोडिझेलचं म्हणाल, तर मोगली एरंडाचा गाजावाजा आठवा. पडीक जमिनीत तो तगला, पण भरवशाचं बी देईना.

या अंकात आम्ही दोन प्रश्न लावून धरले आहेत. गोळा करणं, गाठी बांधणं, वाहतूक हे सगळं वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरेल? आणि सगळंच उचललं तर जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचं काय? उसाचं पाचट शेतातच कुजवावं, हे आम्हाला पटतं. पऱ्हाटी मात्र लवकर कुजत नाही, शिवाय गुलाबी बोंडअळीला आसरा देते. सुरुवात तिच्यापासून करावी.