चाकांवरचा संसार: दोघांचा की एकटीचा?



खते, बियाणे, फवारणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज ज्यांच्या हातून आता औत सुटले आहे, पण फिरण्याची उमेद सुटलेली नाही, अशा घरातल्या दोन वडीलधाऱ्या माणसांविषयी बोलू.

मोटरघर नावाची वस्तू तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. टेम्पोएवढी किंवा लहान बसएवढी गाडी. आत दोघांना निजण्यापुरती जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, दिवा, पंखा आणि बहुतेक गाड्यांत लहानशी न्हाणी व शौचकूपही. परदेशात नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी अशा गाडीत महिनोन्‌महिने राहतात. आपल्याकडेही २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा गाड्यांना व त्या थांबण्याच्या जागांना वाट करून दिली. शहरात या गाड्या आता भाड्याने मिळतात.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे शहरवाल्यांचे चोचले, आपल्याला काय त्याचे? पण चाकांवरचा संसार आपल्या भागाला नवा नाही. पैठणहून ज्येष्ठ महिन्यात नाथांची पालखी पंढरपूरला निघते. वारकरी पायी चालतात आणि दिंडीचा ट्रक पातेली, पिठाची पोती, राहुट्या, अंथरूण-पांघरूण घेऊन पुढे जातो. साठी-सत्तरीची कितीतरी जोडपी हा संसार दरवर्षी आनंदाने करतात.

दुसरा संसार आनंदाचा नाही, पोटाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो जोडपी ट्रकने, ट्रॅक्टरने, बैलगाडीने ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल जोडीची, काम जोडीचे. पण फडात जाण्याआधी पहाटे उठून चूल पेटवणारी आणि फडातून आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसणारी मात्र एकटी असते. कोयता दोघांचा, चूल एकटीची.

हे सांगण्याचे कारण असे की मोटरघरातही नेमका हाच धोका आहे. गाडीत ओटा आहे, शेगडी आहे, भांडी आहेत. आजोबा खिडकीतून डोंगर पाहणार आणि आजी ओट्याशी उभी राहणार, असे झाले तर प्रवास एकाचाच झाला. दुसरीचे फक्त स्वयंपाकघर गावोगाव हिंडले.

शेतकऱ्याची निवृत्ती

सरकारी नोकराला निवृत्तीचा आदेश येतो. शेतकऱ्याला तो कधीच येत नाही. गुडघे दुखू लागतात, मुलगा कारभार पाहू लागतो आणि एक दिवस लक्षात येते की आता आपल्याला कोणी विचारून पेरत नाही.

बिडकीन परिसरात आणखी एक प्रकार घडला. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतल्या शेंद्रा-बिडकीन क्षेत्रासाठी हजारो एकर जमीन गेली. काही घरांची निवृत्ती भूसंपादनाच्या कागदाबरोबर आली. जन्मभर रात्री-अपरात्री मोटार चालू करायला उठणारा माणूस आता पहाटे उठतो आणि पारावर जाऊन बसतो. घरातल्या बाईचे काम मात्र एका गुंठ्यानेही कमी झालेले नाही. तिच्या कामाचा सातबारा कोणी संपादन करत नाही. म्हणून चार-आठ दिवस बाहेर पडायचे असेल, तर ती सुटी आधी तिची असली पाहिजे.

निघायचे केव्हा? आपल्या पैठण तालुक्यात मोसंबी आहे. आंबे बहार धरणाऱ्यांनी बागेचे पाणी तोडून ताण दिला, की त्या काळात बागेत फारसे काम नसते. हवाही थंड असते. कापसाची वेचणी आणि रब्बीचे पाणी मुलगा-सून पाहू शकत असतील तर हा काळ उत्तम. दूधदुभते असेल तर आठ दिवस धार कोण काढणार हे आधी ठरवावे. म्हशीला रजा कळत नाही.

गाडी कोणती?

पहिल्याच झपाट्यात गाडी विकत घेऊ नये. मोबदल्याचा पैसा चाकांत घातला तर तो झिजतच जातो. नोंदणी असलेली गाडी चालकासह भाड्याने घ्यावी. दोन-तीन कुटुंबांनी पाळीपाळीने घेतली तर खर्च विभागतो. घरच्या मालवाहू टेम्पोत पलंग-शेगडी ठोकून मोटरघर करण्याचा मोह होतो. परंतु मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई अडकू शकते. ट्रॅक्टर-ट्रॉलीत ताडपत्री बांधून माणसे नेणे तर मुळीच नको. ट्रॉली मालासाठी आहे. ती कलंडली की धरायलाही काही नसते.

मोटरघर आवाक्याबाहेर असेल तर आपली एस.टी. आहेच. २०२२ सालापासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना तिचा प्रवास मोफत आहे, त्याखालच्या पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे. मुक्काम धर्मशाळेत करावा. पुढे सांगितलेली कामाची वाटणी तिथेही लागू पडते.

पाणी, वीज आणि गॅस

गाडीतला दिवस पाण्याच्या हिशेबाने चालतो. दोन माणसांना पिण्यास ६ लिटर, स्वयंपाकाला ६, भांड्यांना १०, आंघोळीला प्रत्येकी एक बादली म्हणजे ३०, आणि हातपाय व शौचास १८ धरले, तर दिवसाला ७० लिटर लागतात. म्हणजे २०० लिटरची टाकी जेमतेम तीन दिवस पुरते. आणि २०० लिटर पाणी म्हणजे दोन क्विंटल वजन, हेही विसरू नये. ठिबकचा हिशेब थेंबाने करणाऱ्या शेतकऱ्याला ही काटकसर शिकवावी लागणार नाही. टाकी रोज कोण भरणार? आजोबांनी भरावी.

विजेचेही तसेच. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास वीज. साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हातात ६०० उरतात. ९ वॅटचे दोन दिवे चार तास लावले तर ७२, २५ वॅटचा लहान पंखा आठ तास चालला तर २००, दोन मोबाइलना ३०. असे रोज सुमारे ३०० जातात. ढगाळ हवेत, टपावरच्या सौरपट्टीने काही दिले नाही तरी दोन दिवस निघतात. पण २००० वॅटची विजेची शेगडी अर्धा तास लावली की १००० वॅट-तास उडाले! म्हणून स्वयंपाक गॅसवरच करावा.

गॅसबाबत मात्र कडक पथ्य पाळावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून तळाजवळची झडप बुजवू नये, गाडी चालू असताना आणि झोपताना सिलिंडर बंद करावा, आणि वास आला तर दिव्याचे बटणही न दाबता आधी दार उघडून बाहेर पडावे. थंडी आहे म्हणून शेगडी किंवा कोळशाची घमेली पेटवून दारे लावून निजू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून निजणेही तितकेच घातक आहे.

औषधे आठ दिवसांची असतील तर दहा दिवसांची घ्यावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या काचेजवळ, उन्हात कधीही ठेवू नये. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे आणि वर ओले फडके झाकावे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गार राहते. भाजीपाल्यासाठी आपण विटा-वाळूचा शीतकक्ष करतो, त्यातलेच हे तत्त्व. औषधाची बाटली पिशवीत घालून कोरडी ठेवावी.

पहिली फेरी

पहिल्यांदा लांब जाऊ नये. दिवसाला थोडेच अंतर कापावे आणि दिवस मावळण्याआधी मुक्कामाला लागावे. बुधवारी बिडकीनहून निघून पैठणला नाथांचे दर्शन घ्यावे आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पाहावा. आपल्या भागातले कालव्याचे पाणी जिथून येते ती जागा आजीने अजून पाहिलेली नसेल, तर तिथूनच सुरुवात करावी. गुरुवारी दौलताबाद-खुलताबादमार्गे वेरूळ गाठून घृष्णेश्वराचे दर्शन व कैलास लेणे करावे. शुक्रवार विसाव्याचा. शनिवारी अजिंठा, तिथे आपली गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते आणि पायऱ्याही बऱ्याच आहेत, म्हणून सकाळीच जावे. रविवारी घर. वेरूळ लेणी मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे ध्यानात धरूनच वार ठरवावेत. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास, पैठणला गाडी लावायला जागा मिळणे कठीण. तेव्हा यात्रेकरू म्हणून जावे, गाडी घेऊन नव्हे.

रात्री रस्त्याच्या कडेला गाडी लावू नये. नोंदणीकृत तळ, देवस्थानचे वाहनतळ किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे बरे. त्याला आधी विचारावे, आणि निघताना जागा आपण आलो त्याहून स्वच्छ ठेवावी. शौचकूपाची टाकी ओढ्यात किंवा शेतात ओतू नये.

कामाची वाटणी

आता मुख्य गोष्ट. निघण्याआधी घरीच बसून कागदावर दोन रकाने आखावेत. सकाळचा चहा, अंथरुणे, पाणी, केर, भांडी, एक वेळचा स्वयंपाक, हिशेब, रस्ता विचारणे, औषधांची वेळ: प्रत्येक कामापुढे नाव लिहावे. अट एवढीच, की जे काम घरी एक जण करतो ते गाडीत दुसऱ्याने करावे. खिचडी आजोबांनी टाकावी. भाड्याचे पैसे आजीने मोजून द्यावेत, मोबाइलवरून पैसे कसे जातात हे शिकून घ्यावे, गाडीची व विम्याची कागदपत्रे तिच्याच पिशवीत असावीत. दोघांनी एकमेकांना शिकवताना आवाज चढणार. गाडी लहान असते, रुसून जायला दुसरी खोली नसते. अशा वेळी एकाने खाली उतरून गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात.

हा सगळा खटाटोप कशासाठी? बंधू-भगिनींनो, गावोगाव फिरताना मी एक गोष्ट वारंवार पाहतो. बाई गेल्यावर मागे राहिलेला माणूस शंभर क्विंटल कापूस पिकवलेला असतो, पण त्याला स्वतःपुरता भात लावता येत नाही. सुनेपुढे ताट मागताना त्याची मान खाली जाते. आणि धनी गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला पासबुक कोणत्या बँकेचे, सोसायटीचे कर्ज किती, विमा उतरवला होता की नाही, यांतले काही ठाऊक नसते. ती दुसऱ्याच्या सांगण्यावर अंगठा उठवते. दोघांपैकी एकाने आधी जायचे आहे, हे कोणाला चुकलेले नाही. मागे राहील त्याच्या हाताला दुसऱ्याचे काम आलेले असेल, तर तो दुःखी होईल, पण लाचार होणार नाही.

घरी हे शिकणे जमत नाही. घरात सून असते, सवय असते, आणि चुलीशी बसलेल्या पुरुषाला हसणारी भावकी असते. चार दिवस गाडीत दोघेच असतात. खिचडी करपली तरी पाहायला कोणी नाही. चाकांवरच्या घराचा खरा उपयोग हा आहे. डोंगर-लेणी हा वरचा लाभ समजावा.

भाड्याची चौकशी सावकाश करा. त्याआधी शेतावरच्या खोलीत दोघांनीच दोन दिवस राहून पाहा. पाणी मोजून वापरा, कामे वाटून घ्या. आणि तेही लांबणीवर पडणार असेल, तर उद्या सकाळचा चहा आजोबांनी ठेवावा. साखर कोणत्या डब्यात आहे हे विचारावे लागले, तर शिक्षणाला सुरुवात झाली असे समजावे.