घोडे मलकपेटला, फुटबॉल दिल्लीला



शाळांची सुट्टी संपत आली आहे. घरातल्या मुलांनी मात्र रात्री जागायची परवानगी आधीच काढून ठेवली आहे, कारण ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतो आहे. यंदा पहिल्यांदाच ४८ संघ आणि १०४ सामने. वेळेच्या फरकामुळे पहिला सामना आपण मध्यरात्रीनंतर साडेबाराला पाहणार. तो आटोपतो न आटोपतो तोच मलकपेटच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा पावसाळी हंगाम सुरू होईल. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात या दोन्ही खेळांकडे आपल्या हैदराबादकरांच्या नजरेने पाहावे असे आम्हाला वाटले.

११ जून ही तारीख आपल्या शहरासाठी आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६३ साली याच दिवशी सय्यद अब्दुल रहीम गेले. ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव आता नव्या पिढीलाही माहीत झाले आहे. पेशाने शिक्षक असलेल्या या हैदराबादी माणसाने भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर नेले. त्यांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ मुंबईत जाऊन १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप घेऊन आला.

हे त्या काळी कसे जमले? पोलीस खात्यात नोकरी होती, त्यामुळे खेळाडूच्या घरची चूल पेटत होती. मोहल्ल्यामोहल्ल्यांत मोकळी मैदाने होती. आणि एक गुरू वर्षानुवर्षे त्याच शहरात पाय रोवून होता. नोकरी, मैदान आणि गुरू या तीन गोष्टींवर हैदराबादचे फुटबॉल उभे होते.

आज काय आहे? २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याच्या जागी इंडियन सुपर लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. म्हणजे ही जागा मुळात आपल्या पुण्याहून आलेली! २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने त्या दिवशी तीन पेनल्टी अडवल्या. पण त्यानंतर दोन वर्षांच्या आत संघाला पैशाची चणचण भासू लागली, पगार थकले, चांगले खेळाडू निघून गेले. २०२४ मध्ये मालक बदलले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संघच दिल्लीला गेला. नाव बदलले, शहर बदलले. गच्चीबोवलीच्या स्टेडियममध्ये पिवळे शर्ट घालून जाणाऱ्या मुलांना कोणी विचारलेही नाही.

लीगचीही तीच तऱ्हा. फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराबरोबरचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नवी व्यवस्था वेळेत झाली नाही आणि हंगाम अडकला. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली, तीही आखडती, प्रत्येक संघाशी एकेकच सामना. राष्ट्रीय संघ २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्रही ठरला नाही. वरची व्यवस्था डळमळली की पहिला फटका अशा शहरांना बसतो, जिथे संघाची मुळे मातीत गेलेली नसतात.

आता मलकपेटकडे वळू. काचीगुड्याहून अगदी जवळ असलेले हे रेसकोर्स सहावे निझाम महबूब अली खान यांच्या काळातले, १८८६ चे. पावसाळी हंगाम, गांधी जयंतीच्या सुमारास होणारी डेक्कन डर्बी, मग हिवाळी हंगाम असे तिथले वर्ष चालते. पहाटे घोडे फिरवणारे सईस, ट्रेनर, जॉकी, नालबंद, घोड्यांचे डॉक्टर, गवत पुरवणारे अशा कितीतरी घरांचे पोट त्यावर आहे. मालक येतात, जातात. मैदान आणि क्लब जागेवर राहतात.

पण या खेळाचा सगळा डोलारा पैजेच्या पैशावर उभा आहे, आणि तिथेच आता घाव बसतो आहे. शर्यतीवरील पैज हा निव्वळ नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. कर मात्र लॉटरी आणि कॅसिनोच्या रांगेतलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे घटस्थापनेला रोजच्या कित्येक वस्तू स्वस्त झाल्या त्याच दिवशी, पैजेवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. तोही क्लबच्या कमिशनवर नाही, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. जिंकलात तर त्यावर ३० टक्के प्राप्तिकर वेगळाच.

याचा परिणाम समजायला अर्थशास्त्र लागत नाही. ज्याला खेळायचेच आहे तो खिडकीवर न जाता फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातो. तिथे कर नाही, पावती नाही आणि मर्यादाही नाही. सरकारचा कर बुडतो, क्लबचे उत्पन्न घटते आणि शेवटी सईसाच्या पगारावर येते.

आम्ही रेसची वकिली करत नाही. रेसच्या नादाने घरातले दागिने गेल्याच्या गोष्टी आपल्या जुन्या कुटुंबांतही ऐकायला मिळतात. पण नाद सोडवणे वेगळे आणि उघड्यावरचा नाद अंधारात ढकलणे वेगळे. शिवाय जमिनीचा प्रश्न आहेच. मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी गेले. चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये रद्द केला. क्लबचे उत्पन्न आटले की शहराच्या मध्यावरच्या अशा जमिनीकडे सगळ्यांच्या नजरा वळतात.

दोन्ही खेळ शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. रेसकडे मैदान आणि संस्था आहे, पण पैज सोडली तर लोकांचे प्रेम नाही. फुटबॉलवर लोकांचे प्रेम आहे, पण पायाखाली स्वतःची जमीन नाही. खेळ शहरात टिकायला दोन्ही लागते. अझीझनगरला स्वतःचे मैदान बांधणाऱ्या श्रीनिधी डेक्कनने खालच्या आय-लीगमध्ये २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे दुसरा क्रमांक मिळवला, तो उगाच नाही.

मंडळींना आमची विनंती एवढीच. विश्वचषक मुलांबरोबर जरूर बघा, मेस्सी-एमबाप्पेबरोबर त्यांना रहीमसाहेबांचीही गोष्ट सांगा. पण १९ जुलैला अंतिम सामना झाल्यावर त्यांचे बूट माळ्यावर टाकू नका. घराजवळचे मैदान कुठे आहे, त्यावर कोण शिकवते, ते पावसाळ्यात खेळण्याजोगे राहते का, याची चौकशी करा. नसेल तर आपल्या नगरसेवकाला विचारा, एकट्याने नको, गल्लीतल्या चार घरांनी मिळून. संघ विकत घेणारा उद्या पुन्हा येईलही, पण त्याच्या आधी शहरात खेळणारी मुले असायला हवीत.