मैदानाचा मालक कोण?

सुरतेच्या उधना-लिंबायत भागांतील खानदेशी कामगार भाद्रपद आला की गणपतीचा मांडव घालतात. परवाना त्यांनाही काढावा लागतो. त्यात गैर काही नाही. रस्ता सर्वांचा, तेव्हा नियम हवाच. परंतु अर्जदार मराठी, म्हणून मांडव नको, असे तेथे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सुरतेचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. १९५१ साली सुरत व बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होती आणि त्या सालचा मुंबई पोलीस कायदा दोहोंस सारखाच लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हांस म्हैसूरच्या दावणीला बांधण्यात आले. १ मे १९६० रोजी सुरत गुजरातेत गेली, पण कायदा तोच राहिला. त्याच कायद्याखालील नियमाने १९६९ साली अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या सभेस परवानगी नाकारली गेली, तेव्हा एक कार्यकर्ता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर १९७२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला : सभांचे नियमन सरकारास करता येईल, मात्र कसल्याही निकषावाचून नकार देण्याची मुभा अधिकाऱ्यास देणारा नियम टिकणार नाही.

हा निर्णय बेळगावच्या वेशीवरच अडला काय? १९ डिसेंबर २०२२ रोजी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावरील महामेळाव्यास परवानगी नाकारून जमावबंदी पुकारली गेली. तेव्हा राज्य भाजपचे होते. ९ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा नकार मिळाला. तेव्हा राज्य काँग्रेसचे होते!

याच काँग्रेस सरकारने १८ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढून शासकीय शाळा, मैदाने व रस्ते वापरू पाहणाऱ्या खाजगी संस्थांवर पूर्वपरवानगीची सक्ती केली. रोख संघाच्या शाखांवर आहे, अशी ओरड झाली. धारवाड खंडपीठाने दहाच दिवसांत त्यास अंतरिम स्थगिती दिली. ती योग्यच होती, आमचे त्याविषयी दुमत नाही. पण सभास्वातंत्र्याच्या नावाने त्या दिवसांत गळा काढणाऱ्या भाजपवाल्यांस २०२२ चे व्हॅक्सिन डेपो आठवले नाही, याचे नवल वाटते. (खरे तर नवलही वाटत नाही.)

आमची मागणी सवलतीची नाही. मराठी माणसाच्या अर्जास नकार द्यावयाचा असेल तर तो लेखी द्या, मुदतीत द्या, कारण नमूद करून द्या आणि त्याच कागदावर दुसरे मैदान व दुसरी तारीख लिहा.