दहावा नंबर

मागच्या महिन्यात अप्रेजल झालं. मॅनेजर तसा भला माणूस आहे. पण फॉर्म पुढे सरकवताना त्याने विचारलंच, "सगळं करतोस रे तू. पण तुझं नक्की स्पेशलायझेशन काय?"

आता काय सांगणार? सहा वर्षांत टेस्टिंग केलं, डेटाबेस सांभाळला, रात्री दोनला प्रॉडक्शनचे कॉल घेतले, मधेच कुणीतरी पेपर टाकला म्हणून तीन महिने त्याचं मॉड्यूल ओढलं. जिथे माणूस कमी, तिथे मी. रेटिंग मिळालं 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. म्हणजे आपल्या भाषेत, "ठीक आहे, चालू द्या."

घरी येताना बसमध्ये यू सांग-चुल आठवला.

कोण हा, असं विचारलंत तर तुमची चूक नाही. कोरियन फुटबॉल म्हटलं की आपल्याला सोन ह्युंग-मिन माहीत, फार तर पार्क जी-सुंग. यू हा त्यांच्या आधीचा. जन्म १९७१चा, सोलचा. रेकॉर्डमध्ये 'मिडफिल्डर' लिहिलेलं असतं, पण ते अर्धवट खरं आहे. के-लीगच्या सर्वोत्तम अकरा जणांत त्याची तीनदा निवड झाली: १९९४ला डिफेंडर म्हणून, १९९८ला मिडफिल्डर म्हणून आणि २००२ला चक्क फॉरवर्ड म्हणून! १९९८ला तर तो लीगचा टॉप स्कोअरर होता. २००३च्या क्रिकेट वर्ल्डकपमध्ये संघाचा तोल जमावा म्हणून द्रविडने ग्लोव्ह्ज घातले होते, आठवतंय? हा माणूस जवळजवळ आख्खं करिअर तसं खेळला.

त्याचे वर्ल्डकपमधले गोल फक्त दोन. पण ते कधी आले ते बघा. १९९८ला फ्रान्समध्ये कोरिया मेक्सिकोकडून १-३ आणि हॉलंडकडून ०-५ हरला. कोच चा बुम-कुन यांना स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवलं. शेवटची मॅच बेल्जियमशी, कोरिया आधीच बाहेर. हरले असते तरी काही बिघडणार नव्हतं. त्या मॅचमध्ये यूने बरोबरी साधली. १-१. त्या बरोबरीने बेल्जियमसुद्धा घरी गेलं.

दुसरा गोल ४ जून २००२चा, बुसानमध्ये, पोलंडविरुद्ध. तोपर्यंत कोरिया पाच वर्ल्डकपमध्ये मिळून १४ मॅचेस खेळला होता आणि एकही जिंकला नव्हता. पहिला गोल ह्वांग सुन-हाँगचा, दुसरा यूचा. २-० आणि कोरियाचा पहिला वर्ल्डकप विजय. पुढे गुस हिडिंकची ही टीम सेमीफायनलपर्यंत गेली आणि फिफाच्या त्या स्पर्धेच्या ऑल-स्टार टीममध्ये यूचं नाव आलं. नंतर जपानमध्ये योकोहामा एफ. मारिनोसबरोबर २००३ आणि २००४ची लीग जिंकला, परत येऊन उल्सानबरोबर २००५ची. रिटायर झाल्यावर त्याने सांगितलं की डाव्या डोळ्याने त्याला जवळजवळ दिसतच नव्हतं. घ्या!

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. मला बोलायचंय ते पुढच्या भागाबद्दल.

कोच म्हणून त्याचा रेझ्युमे कुठल्याही एचआरने बाजूला ठेवला असता. देजॉन सिटिझनला २०११-१२मध्ये होता, टीम कायम खालच्या अंगाला. मग काही वर्षं उल्सान युनिव्हर्सिटीत पोरांना शिकवलं. २०१८ला जॉन्नाम ड्रॅगन्स मिळाली, ऑगस्टमध्ये राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस टीम शेवटची येऊन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली. मे २०१९मध्ये इंचॉन युनायटेडने बोलावलं. तीही तळाशीच. म्हणजे इथेही तेच, जिथे भोक पडलंय तिथे यू.

२०१९ला के-लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये बारा टीम्स होत्या. बारावी थेट खाली जायची. अकरावीला खालच्या डिव्हिजनमधल्या टीमशी प्लेऑफ खेळावा लागायचा. दहावी तेव्हा वाचायची. दहाव्या नंबराला ट्रॉफी नाही, मेडल नाही. फक्त पुढच्या वर्षी वर राहता यायचं आणि क्लबमधल्या लोकांच्या नोकऱ्या, पगार, करार बऱ्यापैकी शाबूत राहायचे.

ऑक्टोबर २०१९मध्ये सॉन्गनामविरुद्धची मॅच जिंकल्यावर इंचॉनचे खेळाडू मैदानावर रडताना दिसले. एका विजयासाठी एवढं? कारण नोव्हेंबरमध्ये कळलं. यूने स्वतः जाहीर केलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज. तरी तो टचलाइनवर उभा राहिला. २४ नोव्हेंबरला सांगजूविरुद्ध २-० जिंकले, तो इंचॉनबरोबरचा त्याचा घरच्या मैदानावरचा पहिला विजय. ३० नोव्हेंबरला शेवटची मॅच ग्योंगनामशी. ०-०. इंचॉन दहावी, ग्योंगनाम अकरावी.

त्याने चाहत्यांना दोन वचनं दिली होती: टीम वर ठेवीन आणि बरा होऊन परत येईन. पहिलं पाळलं. जानेवारी २०२०मध्ये उपचारांसाठी पद सोडलं आणि ७ जून २०२१ला तो गेला. ४९ वर्षांचा होता.

आता इथे एक धोका आहे. ही गोष्ट कुठल्याही 'मोटिव्हेशनल' फॉरवर्डमध्ये फिट बसते: बघा, कॅन्सर असून कामावर आला, आणि तुम्ही सर्दीची सुट्टी मागता! मंडळी, कृपया हे करू नका. मला स्वतःला वाटतं की माणसाने अशा वेळी घरी असावं, बायकोपोरांबरोबर असावं. त्याने मैदान निवडलं तो त्याचा निर्णय होता, तो कुणाच्या टीमचा कोटा ठरू नये.

माझा मुद्दा वेगळा आहे. काम मोजायची आपली पट्टी फक्त वर बघते. पहिला कोण, किती ट्रॉफ्या, कशात 'एक्स्पर्ट'. काही पडलं नाही, हे मोजायला त्या पट्टीवर खूणच नसते. सर्व्हर रात्रभर चालू राहिला तर सकाळी त्याची मेल येत नाही. तसाच दहावा नंबर. रेकॉर्डबुकमध्ये अपयशाच्या दोन घरं वर, एवढंच. पण इंचॉनच्या लोकांना विचारा त्याची किंमत.

कुणी म्हणेल, टिकलं का ते? नाही. २०२४ला इंचॉन शेवटची आली आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा खाली गेलीच. २०२५ला दुसरी डिव्हिजन जिंकून परत वर आली. म्हणजे यूने जे वाचवलं ते कायमचं नव्हतं. पण कायमचं काय असतं? आपण आज केलेला फिक्स पुढच्या मायग्रेशनमध्ये उडणार, हे माहीत असतंच की. म्हणून आज सिस्टीम बंद पडू द्यायची का?

एक गोष्ट मात्र टिकली. २००७मध्ये यू एका टीव्ही कार्यक्रमात लहान मुलांच्या टीमचा कोच होता. त्यात सहा वर्षांचा एक पोरगा होता, ली कांग-इन. तो २०१९च्या अंडर-२० वर्ल्डकपमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला गेला. कोचच्या रेझ्युमेवर हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं, देव जाणे.

असो. पुढच्या अप्रेजलला तोच प्रश्न येणार. "जिथे कमी पडतंय तिथे उभा राहतो," असं उत्तर ठरवून ठेवलंय. रेटिंग तेच मिळेल, याची खात्री आहे. पण या वेळी मान खाली घालून बसणार नाही, एवढं नक्की.