वैद्यकीय इच्छापत्र : ‘त्रास नको’ एवढं लिहून भागत नाही

पारनेर : तालुक्यातला अत्यवस्थ पेशंट नगर किंवा पुण्याला हलवला की आयसीयूबाहेर पोरांपुढे प्रश्न येतो, व्हेंटिलेटर लावायचा का? एक भाऊ हो म्हणतो, दुसरा गप्प बसतो. ज्याने उत्तर द्यायचं तो आत बेशुद्ध असतो.

हे उत्तर आधीच लिहून ठेवता येतं. त्यालाच लिव्हिंग विल म्हणतात. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

पण लिहायचं काय? ‘मला त्रास नको’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बरं होण्याची आशा संपली, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, छाती दाबून हृदय सुरू करणं यातलं काय नको, ते वेगवेगळं लिहावं. वेदना कमी करणारी औषधं हवीत, हेही लिहावं. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकाचं नाव घालावं.

अनेकांना भीती वाटते, कागद केला की दवाखान्यात उपचारच मिळणार नाहीत. तसं नाही. सर्पदंश, अपघातातून माणूस वाचणार असेल तर हा कागद आड येत नाही. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. मन बदललं तर इच्छापत्र लेखी रद्दही करता येतं.

एक प्रत घरच्यांना, एक ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीला द्यावी. पेटीत कुलूपबंद ठेवलेला कागद ऐनवेळी कुणाच्याच कामाचा नाही.